सीलिॲक असलेल्या मुलीला ताक चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 7 वर्षांची आहे, गेल्या महिन्यात सीलिॲकचं निदान झालं, ताकाशिवाय तिचं जेवण होत नाही आणि घरातले काही जण म्हणतात की आता दूध-दही-ताक सगळंच बंद करा. वाचताना आमचे सुरुवातीचे दिवस आठवले. माझ्या मुलाचं निदान झालं तेव्हा तो 6 वर्षांचा होता. आज 14 वर्षांचा आहे आणि दुपारच्या जेवणात अजूनही दोन फुलपात्री ताक पितो.

तर ताक चालतं. रोज चालतं. सीलिॲकमध्ये आतड्याला इजा करतं ते ग्लूटेन, आणि ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन आहे. दुधातली प्रथिनं वेगळी, त्यामुळे साधं दूध, दही, ताक, लोणी, तूप यांत ग्लूटेन नसतं. गाय-म्हैस गव्हाचा कोंडा खाते, मग दुधात उतरत नसेल का, असं मला एका आईने काळजीने विचारलं होतं. नाही उतरत, ते जनावराच्या पोटातच पचून जातं.

मात्र घरचे 'बंद करा' म्हणतात त्याला थोडा आधार आहे. सीलिॲकमध्ये लहान आतड्याच्या अस्तरावरची बारीक लव झिजते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारा पाचक रस याच लवेवर तयार होतो. त्यामुळे सुरुवातीला दूध प्यायल्यावर काही मुलांचं पोट फुगतं, जुलाब होतात. गहू पूर्ण सुटला की लव पुन्हा वाढते आणि बहुतेकांना दूध परत पचायला लागतं. ताक त्या काळातही दुधापेक्षा सोसतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात. या मुलांच्या हाडांना कॅल्शियम लागतं, म्हणून डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय दूधदुभतं तोडू नका.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते सांगते. ताकात घालता तो हिंग तपासा. आजच तपासा.

आमच्या घरातून पोळी, बिस्किटं, शेवया, रवा, पाव सगळं गेलं होतं. मुलाचा डबा वेगळा, तवा वेगळा. तरीही वर्ष झालं तरी रक्ताच्या तपासणीतला टीटीजीचा (सीलिॲकमध्ये वाढणाऱ्या प्रतिपिंडांचा) आकडा म्हणावा तसा उतरेना, वजनही वाढेना. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "फोडणीत काय काय घालता?" घरी आले आणि फडताळातली एकेक डबी ओट्यावर मांडली. हिंगाच्या डबीवरची अक्षरं इतकी बारीक होती की मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचावा लागला. हिंगाच्या जोडीला डिंक आणि गव्हाचं पीठ, असं स्पष्ट छापलेलं होतं. माझ्या सासूबाई रोज दुपारी त्याच्यासाठी मुद्दाम हिंग-जिऱ्याचं ताक करायच्या. पोराचं पोट नाजूक, हिंगाने बरं वाटेल, एवढीच त्यांची माया. ती डबी हातात धरून त्या कितीतरी वेळ गप्प बसून राहिल्या. मी त्यांना म्हटलं, आई, यात तुमची काय चूक, आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून येतो. शुद्ध हिंग इतका उग्र आणि चिकट असतो की तसाच वापरणं अवघड. म्हणून आपल्याकडे त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळतात. दुकानात मिळतो तो बहुतेक हाच. खडा घेतला म्हणजे शुद्ध झाला असंही नाही, खड्यातही मैदा असू शकतो.

"चिमूटभर हिंगाने काय होतंय?" हे तुम्हाला घरोघरी ऐकावं लागेल, म्हणून हिशेब देते. चिमूट पाव ग्रॅमची धरा. त्यात निम्मा मैदा असेल तर सव्वाशे मिलिग्रॅम मैदा, आणि त्यात साधारण 12 मिलिग्रॅम ग्लूटेन. ताकाच्या भांड्यातून मुलीच्या वाट्याला येईल त्याचा एखादा हिस्सा. पण हिंग फक्त ताकात असतो का? वरणात आहे, भाजीत आहे, लोणच्यात आहे, पापडात आहे. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जात राहिलं तर 3 महिन्यांत आतड्याला इजा होऊ शकते, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. शिवाय मूल वरून ठणठणीत दिसतं, म्हणून लक्षातच येत नाही. आमच्या मुलाचं पोट एकदाही दुखलं नव्हतं.

तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहिलेलं हवं. आपल्याकडच्या नियमानुसार तसं लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं लागतं. नाहीच मिळाला तर हिंगावाचून काही अडत नाही. आमच्याकडे तो हिंग मिळेपर्यंत ताकाला तुपात जिरं, कढीपत्ता आणि ठेचलेल्या मिरचीची फोडणी होती. विकतचं मसाला ताक घेताना घटकांत 'हिंग' किंवा 'कंपाउंड हिंग' दिसला आणि खाली ॲलर्जीच्या ओळीत गहू असेल तर ते पाकीट परत ठेवा. साध्या ताकाचं पाकीट घ्या, त्यात मीठ घरी घाला.

घरच्या दह्या-लोण्याची एक गोष्ट तुमच्या लक्षात आहे का बघा. पोळी खाता खाता कुणीतरी त्याच हाताने लोण्याच्या वाटीतून लोणी घेतं आणि पोळीचा कण वाटीत राहतो. आम्ही मुलाचं दही, लोणी, तूप वेगळ्या झाकणाच्या डब्यांत काढून ठेवतो, आणि त्या डब्यांतला चमचा दुसऱ्या कशात जात नाही. ताक-भाकरी देत असाल तर दळणाकडेही बघा. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की पहिलं पीठ गव्हाचंच येतं. आम्ही शेवटी घरगुती चक्की घेतली.

लग्नातल्या मठ्ठ्याचं म्हणाल तर मी मुलाला तो देत नाही. आचाऱ्याने कुठला हिंग वापरला ते त्यालाही सांगता येत नाही आणि जिलबीच्या परातीतला डाव मठ्ठ्याच्या पातेल्यात गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. घरून बाटलीत ताक भरून नेतो. पहिल्यांदा लोक बघतात, मग सवय होते.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. तिला सख्खं भावंड असेल तर त्याचीही टीटीजी तपासणी करून घ्या, तुमची दोघांचीही करा. ती होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका, नाहीतर आजार असूनही तपासणीत दिसत नाही.

आज संध्याकाळी हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा आणि इथेच खाली लिहून टाका. काही कळलं नाही तर आपण मिळून बघू.