अर्ध्या तलावातच दम का लागतो? : पोहण्याविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळी बॅचेस संपल्या की आमच्याकडे पोहण्याविषयीची पत्रं वाढतात. त्यातले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं पोहत आळीपाळीने हात मारताना, लागणाऱ्या दमाची तक्रार बऱ्याच जणांची आहे, म्हणून पहिलं उत्तर सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : एप्रिलमध्ये २१ दिवसांची बॅच केली. २५ मीटरच्या तलावात फ्रीस्टाइल निम्म्यापर्यंत जमतं, मग इतका दम लागतो की लेनची दोरी धरावी लागते. रोज पाऊण तास भराभर चालते, तेव्हा असं कधी होत नाही. सर म्हणतात, स्टॅमिना वाढवा. काय करू? (गृहिणी, वय ४२, सांगली)

उत्तर : रोज पाऊण तास चालणाऱ्या माणसाचा स्टॅमिना १२ मीटरमध्ये संपत नाही. तुम्ही पाण्याखाली श्वास सोडत नसणार, अशी दाट शक्यता आहे. नवशिके डोकं पाण्यात असेपर्यंत श्वास कोंडून धरतात. तोंड बाहेर आलं की तेवढ्या क्षणात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, अशी धडपड होते आणि धड दोन्ही होत नाही. छातीतली जुनी हवा तशीच राहते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि त्यानेच जीव कासावीस होतो.

आठवडाभर स्ट्रोक, म्हणजे हात मारत पोहणं, बाजूला ठेवा. छातीभर पाण्यात कठडा धरून उभ्या राहा. तोंडाने श्वास घ्या, डोकं पूर्ण पाण्याखाली न्या, नाका-तोंडातून मनात चार मोजत बुडबुडे सोडा, वर या, लगेच श्वास घ्या, पुन्हा खाली. असं सलग १० वेळा, मध्ये थोडं थांबून तीन फेऱ्या. डोकं वर आल्यावर तुम्ही फुंकर मारताय का, याकडे लक्ष ठेवा. मारत असाल तर खाली पुरेसा श्वास सोडलेला नाही. दहाव्या वेळीही पहिल्याइतकं निवांत वाटायला लागलं की पुढे जा.

पुढची पायरी म्हणजे एका हाताने किकबोर्ड (तरंगती फळी) धरायचा, दुसरा हात मांडीला चिकटलेला. पाय मारत चेहरा पाण्यात ठेवून श्वास सोडा, मग मोकळ्या हाताच्या बाजूला वळून घ्या. यात फक्त मान वळवायची नाही, खांदा आणि कंबरही बरोबर वळली पाहिजे. वळल्यावर गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर. दोन्ही बाहेर आल्या तर डोकं जास्त उचललं गेलंय. डोकं उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, ते वर आणायला पाय जोरात मारावे लागतात आणि मांड्यांचे मोठे स्नायू भराभर ऑक्सिजन खातात. तुमच्या दमाचं हे दुसरं कारण असू शकतं. किक कमरेपासून, घोटे सैल, पाण्यावर जेमतेम फेस दिसेल इतकीच मारा. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय हलत असतील तर पुढे सरकणं जवळपास थांबतंच.

आणखी एक चूक पाण्याबाहेरून पाहणाऱ्यालाच दिसते, म्हणून सरांना मुद्दाम बघायला सांगा. श्वास घ्यायच्या क्षणी पुढचा हात खाली दाबला जातो. तो हात गेला की आधार गेला, मग तोंडात पाणी जाणारच. श्वास पूर्ण घेऊन होईपर्यंत तो हात पुढेच लांब राहू द्या.

हे जमलं की १२ मीटर पोहायचं, अर्धा मिनिट थांबायचं, असं आठ वेळा. अंतर वाढवायची घाई करू नका. शेवटच्या फेरीत श्वास पहिल्या फेरीसारखाच चालला, की पूर्ण लांबीला हात घाला.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा हवेचे दंडपट्टे घालून मजेत पोहतो. वीरधवल खाडेसारखं बटरफ्लाय शिकायचं म्हणतो. कोणता स्ट्रोक आधी शिकवावा? खोल पाण्यात कधी सोडावं? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : कोल्हापूरच्या वीरधवलने २०१०च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा मुलाला तो स्ट्रोक खुणावणारच. पण त्यात दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून फिरवायचे आणि हातांच्या एका फेरीत दोनदा किक मारायची असते. ती लय फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोक (पाठीवर पोहणं) पक्के झाल्यावरच बसते. तोवर पाण्याखाली दोन्ही पाय जोडून माशासारखी डॉल्फिन किक खेळू द्या.

दंडपट्टे मात्र हळूहळू काढाच. ते शरीर उभं धरून ठेवतात आणि पोहायला शरीर आडवं लागतं. शिवाय ते घालून मुलाला आपण तरंगतो असं वाटतं आणि एखाद्या दिवशी ते न घालताच तो पाण्यात उतरतो. सुरुवात पाठीवर तरंगण्यापासून करा: कान पाण्यात, नजर वर, पोट वर. हनुवटी छातीला लागली की मूल पाण्यात बसतं आणि बुडायला लागतं. बॅकस्ट्रोकमध्ये चेहरा बाहेर असल्याने श्वासाची अडचण नाही, म्हणून तो फ्रीस्टाइलच्या जोडीनेच शिकवावा.

खोल पाण्यासाठी अमेरिकन रेड क्रॉसची कसोटी आम्हाला पटते: डोक्यावरून पाणी जाईल तिथे उडी मारून वर येणं, एक मिनिट तरंगणं, गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधणं, तिथपर्यंत सुमारे २३ मीटर पोहणं आणि शिडीशिवाय काठावर चढणं. सगळं एका दमात आणि दंडपट्ट्यांशिवाय. हे जमलं तरी तुमची नजर हटायला नको.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जास्त वेळ पाण्याखाली कोण राहतो, अशा पैजा मुलं लावतात आणि आधी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची हाक वेळेवर येत नाही आणि मूल पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतं. हा खेळ पूर्ण बंद करा.

प्रश्न : ब्रेस्टस्ट्रोकमध्ये (बेडकासारखं पोहताना) पाय मारतो, पण जागच्या जागीच राहतो. गुडघ्याची आतली बाजूही दुखते. (नोकरदार, वय २९, ठाणे)

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा पायांतच आहे. टाचा कुल्ल्यांकडे आणल्यावर पावलं बाहेरच्या बाजूला वळली पाहिजेत. पाण्याला मागे ढकलतात ते तळवे आणि नडगीची आतली बाजू. बोटं मागे ताणलेलीच राहिली तर ढकलायला काही उरत नाही. दुखणं येतं ते गुडघे फार फाकवून झटका दिल्याने, कारण आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण पडतो. गुडघे साधारण कमरेच्या रुंदीइतकेच ठेवा. दुखणं थांबेपर्यंत ही किक बंद, आणि दोन आठवड्यांत थांबलं नाही तर अस्थितज्ज्ञांना दाखवा.

नंतर आधी काठावर बसून, पाय पाण्यात सोडून, स्वतःचे घोटे बघत किक करा, मग कठडा धरून पालथं. दोन पावलांपैकी एकच वळत असेल तर किक कात्रीसारखी होते, स्पर्धेत तर त्याने बादही करतात. क्रम असा: हात, श्वास, किक, सरकणं. हात खांद्यांच्या मागे नेऊ नका. किकनंतर हातपाय सरळ ठेवून मनात दोन मोजा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच, पुढे सरकण्याआधीच हातांची पुढची फेरी सुरू होते. इंग्लिश जलतरणपटू मॅथ्यू वेबने १८७५ साली इंग्लिश खाडी पार केली ती ब्रेस्टस्ट्रोकनेच, जवळपास २२ तास पोहून. नीट जमला तर फार कमी दमवणारा स्ट्रोक आहे.

प्रश्न : क्लोरीनने केस राठ होतात, डोळे चुरचुरतात. (विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : उतरण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब भिजवा, मग कॅप. भिजलेला केस तलावाचं पाणी कमी शोषतो. तेल लावू नका, त्याचा तवंग येतो. डोळे चुरचुरतात ते बरंचसं घाम आणि लघवीशी क्लोरीनची क्रिया होऊन बनणाऱ्या क्लोरामाइन्समुळे. तलावाचा तो उग्र वासही त्यांचाच. म्हणून आधी शॉवर घ्या आणि गॉगल घट्ट बसणारा निवडा.

प्रश्न : विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो. डोकं वर ठेवून तासभर पोहतो, पण मान दुखते. मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या डिसेंबरच्या स्पर्धेत उतरायची इच्छा आहे. (शेतकरी, वय ३४, वाई)

उत्तर : विहिरीत शिकलेल्याला खोलीची भीती नसते, ही तुमची मोठी जमेची बाजू. मान दुखते कारण चार-पाच किलोचं डोकं तासभर उचलून धरता. पहिल्या उत्तरातला बुडबुड्यांचा सराव तुम्हालाही लागू आहे. चेहरा पाण्यात गेला की पाय आपोआप वर येतील आणि वेग वाढेल.

समुद्रात मात्र पुढे बघावं लागतंच. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे वर काढून खूण बघा, श्वास नेहमीसारखा बाजूलाच घ्या. दोन्ही बाजूंना श्वास घेता आला पाहिजे, म्हणजे लाटेकडे पाठ ठेवता येते. खारं पाणी जास्त तोलून धरतं, पण वळताना ढकलायला भिंत नसते. तलावात दर २५ मीटरला त्या धक्क्यातून काही मीटर फुकट मिळतात. म्हणून वयोगटातलं सगळ्यात लहान अंतर निवडा आणि त्याच्या दीडपट अंतर तलावात न थांबता जमल्यावरच नाव द्या. समुद्रात सराव करायचा तर पावसाळा पूर्ण ओसरल्यावर, स्थानिक माहीतगार सोबत घेऊन, किनाऱ्याला समांतर आणि कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधून.