प्लीहा काढल्यानंतर पोटात गाठी दिसल्या, तर बायोप्सीशिवाय निदान होतं का?

होतं. स्वतःच्या पोटावरून सांगतोय.

तुमच्या भावाची प्लीहा अपघातात काढली, आता सोनोग्राफीत गाठी निघाल्या आणि डॉक्टर बायोप्सी सांगतायत. माझंही हेच. १९९६ मध्ये इंदुरात एबी रोडवर ट्रकने स्कूटर उडवली, तिल्ली, म्हणजे प्लीहाच, फुटली (आमच्याकडे पानथरी कोण म्हणतं!), त्याच रात्री काढली. २०१८ मध्ये मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली, तर डावीकडे चार-पाच गोल गाठी. सर्जन म्हणाले, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) असू शकतो, पोट उघडून बघू. ताईचे यजमान लगेच त्यांच्या बाजूला. "कलिंगड कापल्याशिवाय लाल आहे का ते कळतं का रे?" घरात दोन दिवस रडारड.

वाचवलं पॅथॉलॉजीवाल्या बाईंनी. ऑपरेशनआधीच्या रक्ताची स्लाइड बघून त्यांनी फोन केला: "तिल्ली नाही म्हणता, मग लाल पेशींत हॉवेल-जॉली कण का नाहीत?" हे कण म्हणजे पेशीत उरलेले केंद्रकाचे अवशेष, ते तिल्लीच काढून टाकते. म्हणजे पोटात कुठेतरी तिल्लीचं काम चालू होतं. फुटताना तिचे तुकडे सांडतात, जिथे पडतात तिथे रुजतात. याला स्प्लेनोसिस म्हणतात.

अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठली. तिथे माझंच रक्त काढलं, त्याला टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ लावला आणि नळी गरम पाण्यात ठेवली. टेक्निशियन थर्मामीटरवरून नजर काढेना. पारा ५० च्या जरा खाली हवा, जास्त झालं तर पेशी फुटतात. भाजलेल्या पेशी परत शिरेत. खराब पेशी गाळणं हे मुख्यतः तिल्लीचं काम, त्यामुळे त्या बहुतेक तिच्या तुकड्यांत अडकतात. हे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझ्या सगळ्या गाठी दिव्यासारख्या लागल्या. लिम्फोमाच्या गाठी अशा पेटत नाहीत. भावजी, वाचत असाल तर: कलिंगड न कापता कळलं.

नुसत्या सीटीवर विसंबू नका, त्यात गाठ गाठच दिसते. आणि सुईची बायोप्सी तर आधी नकोच, तिल्लीचा तुकडा भळाभळा वाहू शकतो. आधी हा स्कॅन मागा.

अर्थात भावाला पूर्वी कॅन्सर झाला असेल किंवा वजन उतरत असेल, तर माझं ऐकू नका. एखादी गाठ पेटली नाही तर तिचा वेगळा तपास हवाच. आणि गाठी म्हणजे तिल्ली परत आली असं समजून लस टाळू नका. तिल्ली काढल्यावर न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची) लस घ्यायची असते हे मला २२ वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं, भावजींच्या त्या सर्जननेसुद्धा नाही.