आधी खांद्यावरचे पट्टे वाचायला शिका

जुन्या जर्मन लष्करी गणवेशावरची चिन्हं जमवायची असतील, तर सुरुवात छातीवरच्या गरुडाच्या चिन्हापासून करू नका. दुसऱ्या महायुद्धातला तो गरुड सगळ्यांनाच हवा असतो, त्यामुळे नकली मालाचा सुळसुळाटही तिथेच. त्याऐवजी जर्मन भूदलाचे खांद्यावरचे पट्टे घ्या. त्यांत वाचण्यासारखं पुष्कळ असतं. कडेचा रंग सैनिकाची शाखा सांगतो: पायदळाचा पांढरा, तोफखान्याचा लाल, रणगाड्यांचा गुलाबी, पायोनियरांचा, म्हणजे लष्करी अभियंत्यांचा, काळा. अधिकाऱ्यांच्या पट्ट्यावर रुपेरी गोफ सरळ असेल तर लेफ्टनंट ते कॅप्टन, पिळाचा असेल तर मेजर किंवा त्याच्या वरचा. लेफ्टनंटला तारा नसतो, ओबरलेफ्टनंटला एक, हाउप्टमानला, म्हणजे कॅप्टनला, दोन. विक्रेता 'कॅप्टनचा पट्टा' म्हणत असेल आणि तारा एकच दिसला, तर गप्प उठा.

अतिनील दिवा जवळ ठेवा. धागा लख्ख निळसर चमकला तर संशय घ्या. धाग्यांना उजळ करणारी ती रसायनं युद्धानंतर सर्रास आली. पण चमकला नाही म्हणजे अस्सल, असं मात्र नाही. नकला करणारेही दिवा बाळगतात! वस्तूसोबत आलेल्या सुरस कथेचे पैसे तर कधीच देऊ नका.

खिसा लहान असेल तर कैसरकालीन, म्हणजे जर्मन सम्राटांच्या काळातल्या, टोपीवरच्या कोकार्ड (गोल रंगीत बिल्ले) बघा. एक साम्राज्याची, काळी-पांढरी-लाल; दुसरी राज्याची, म्हणजे बव्हेरियाची पांढरी-निळी, प्रशियाची काळी-पांढरी. स्वस्तिक असलेलं काही घेतलंच तर जर्मनीत ते जाहीरपणे मिरवू नका. तिथल्या दंडसंहितेचं कलम ८६अ त्यासाठीच आहे. आणि लोकरीला कसर लागते, तेवढं सांभाळा.