आधी जीव, मग व्यसन

प्रश्न : कल्याण स्थानकाबाहेर माझे चहाचे दुकान आहे. पुलाखाली झोपणारा १९-२० वर्षांचा एक मुलगा रोज सकाळी चहाला येतो. तो फडक्यावर व्हाइटनर ओतून हुंगतो आणि रात्री दारूही पितो. मागच्या महिन्यात त्याचा सोबती आजाराने वारला. तेव्हापासून “आता आपला नंबर” असे तो म्हणतो. लोक म्हणतात, गर्दुल्ल्याची बडबड आहे, आधी नशा सोडायला सांगा. मी त्याला सरळ विचारावे का? त्यातून पोलिसांचे लचांड मागे लागेल का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : अवश्य विचारावे, आणि सकाळी तो शुद्धीवर असतानाच विचारावे. “जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का रे?” इतके साधे शब्द पुरेसे आहेत. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट बोलायला जागा मिळाली की मनावरचा ताण बहुधा हलका होतो. उत्तर होकारार्थी आले, तर कधी आणि कसे हे ठरवले आहे का, पूर्वी असा प्रयत्न केला होता का, हेही शांतपणे विचारा. काही ठरलेले असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तितकी तातडी नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्याच्याजवळ फोन नसणारच, म्हणून तुमच्या फोनवरून लावून द्या आणि शेजारी बसा.

“आधी नशा सोड, मग बघू” ही अट मला सर्वांत घातक वाटते. जो रोज दारू पितो त्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकाएकी बंद केली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. व्हाइटनरमधील टोल्युइनसारख्या द्रावकांची धुंदी काही मिनिटांत उतरते आणि मागे चिडचिड व उदासी उरते. तशा क्षणी माणूस विचार न करता काहीही करून बसतो. म्हणूनच नशेतले बोलणे बडबड म्हणून सोडून देऊ नये. आणखी एक गोष्ट, जी हाकलणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते : हुंगलेल्या अवस्थेत मुलाला दचकवले किंवा पळवले, तर हृदयाचे ठोके बिघडून तो जागीच दगावू शकतो. (‘गर्दुल्ला’ हा शब्दही निदान त्याच्यासमोर नको.)

पोलिसांविषयी निश्चिंत राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने कलम ३०९ राहिलेलेही नाही. त्याच २०१७ च्या कायद्यात बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य संस्थांमध्ये मोफत उपचारांचा हक्क दिलेला आहे, त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड लागत नाही. तुम्हाला ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ पडेल. खिडकीवर कोणी कागद मागितले, तर हे ठामपणे सांगायला त्याच्यासोबत कोणीतरी मोठे माणूस हवे, कारण एकटा मुलगा पहिल्याच नकाराला परत फिरतो. तो १८ वर्षांखालील असता, तर मी आधी १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक सांगितला असता.

त्याच्या सोबत्याबद्दलही बोला. फुटपाथवरच्या मरणाला सुतक नसते, भेटायला कोणी येत नाही, आणि ज्याच्याशेजारी रोज झोपायचे त्याचे नावही नंतर कोणी काढत नाही. ते नाव तुम्ही काढा. तो रडला तर रडू द्या.

“उद्या ये, तुझा चहा ठेवतो” असे रोज सांगत जा. एखाद्या दिवशी दुकान बंद राहणार असेल, तर ते त्याला आदल्या दिवशीच सांगा आणि त्या सकाळी त्याने कोणाकडे जायचे, तेही त्याच्याबरोबर बसून ठरवा.