पणजीतील आमच्या हॉटेलात तरुणांबरोबर पन्नाशीपुढचे कर्मचारीही ठेवण्याचा खरोखर उपयोग होतो का?

होय, निश्चित होतो, मात्र दोघांना एकाच पाळीत एकत्र काम दिले तरच. हंगामासाठी घेतलेली तरुण मुले ऑनलाइन आरक्षण झटपट हाताळतात. पण दरवर्षी येणाऱ्या पाहुण्याची आवड किंवा भर पावसात वीज गेल्यावर आधी काय पाहायचे, हे जुन्या माणसालाच ठाऊक असते आणि ते सहसा कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. जर्मनीतील डिंगोल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात २००७ साली सरासरी ४७ वर्षे वयाचा गट मुद्दाम नेमला गेला, तेव्हा वर्षभरात त्याची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. परंतु त्यासाठी लाकडी जमीन, बसण्याची सोय असे अनेक लहान बदल कामगारांना विचारून करण्यात आले होते. अशा बदलांविना, केवळ वये मिसळून, तोच परिणाम मिळेल असे मी म्हणणार नाही.