फॉर्मवर ‘नाही’ लिहून बसलात, आता?

प्रश्न: मी व्हर्जिनियात राहतो, अमेरिकन नागरिक आहे. संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आहे, त्यासाठी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची सरकारी परवानगी हवा. एका मित्राकडे पत्ते खेळताना वर्षभर अधूनमधून गांजाच्या गमी (चघळायच्या गोळ्या) खाल्ल्या. शेवटची आठ महिन्यांपूर्वी. राज्यात चालतं म्हणून, आणि खरं तर भीतीपोटी, क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ फॉर्मवर अमली पदार्थांच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलं. दोन आठवड्यांनी तपास अधिकारी भेटणार आहे. त्याच मित्राचं नाव मी ओळखीचा म्हणून दिलं आहे. त्याला आधी कल्पना देऊ का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मित्राला काहीही पढवू नका. आत्ता चूक एकट्या तुमची आहे; ‘गप्प राहा’ म्हणालात की त्यालाही त्यात ओढाल.

व्हर्जिनियाने जुलै २०२१ पासून प्रौढांना थोडा गांजा बाळगायची मुभा दिली हे खरं. पण क्लिअरन्स देतं फेडरल, म्हणजे केंद्र सरकार, आणि त्या कायद्यात ही सूट नाही. फॉर्मच्या तेविसाव्या भागात मागच्या सात वर्षांतल्या अमली पदार्थांच्या वापराचं विचारतात, ते फेडरल कायदा धरूनच. तिथे खरं उत्तर दिलं तर ते फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरणार नाही, असं फॉर्मवरच छापलेलं असतं. म्हणजे तुम्ही घाबरलात ते नेमकं जिथे संरक्षण होतं तिथे!

गमीचं प्रकरण तसं सावरण्याजोगं आहे. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत अमली पदार्थांसाठी ‘एच’ कलम आहे. त्यात किती वेळा, किती अलीकडे आणि पुन्हा होईल का, हे पाहतात. केवळ पूर्वी गांजा घेतला म्हणून नकार ठरत नाही, असं राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनी डिसेंबर २०२१ मध्ये सर्व खात्यांना कळवलं आहे. आठ महिने हा काळ फार मोठा नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

खरी अडचण ‘ई’ कलमाची, म्हणजे वैयक्तिक वर्तनाची. जाणूनबुजून माहिती दडवली, तर हा माणूस गुपित कसं सांभाळेल, असा प्रश्न येतो. शिवाय सरकारला खोटं सांगणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्याच कलमात तुमची वाटही आहे: समोरून पुरावा मांडला जाण्याआधी, स्वतः होऊन, लगेच दुरुस्ती केली तर ती तुमच्या बाजूने धरतात. अधिकाऱ्याने मित्राचं म्हणणं तुमच्यापुढे ठेवल्यावर कबूल केलंत, तर ती कबुली जवळजवळ बिनकामाची. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, शंका राहिली तर ती सरकारच्या पारड्यात जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या १९८८ च्या ईगन खटल्यापासून न्यायालयांची भूमिका हीच आहे.

म्हणून या आठवड्यात क्लिअरन्सची कामं करणारा इथला वकील गाठा, आणि त्याला दाखवून कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला लेखी कळवा: कधीपासून, साधारण किती वेळा, शेवटचं कधी. मुलाखतीतही विचारण्याची वाट न पाहता तेच सांगा. ‘प्रश्न नीट कळला नाही’ असं लिहायचा मोह होईल. तुम्ही मला भीती लिहून कळवलीत, तिथेही भीतीच लिहा.

यापुढे घेणार नाही आणि घेतल्यास क्लिअरन्स रद्द व्हावा, असं सहीचं निवेदन सोबत जोडता येतं. निकषांत त्याला किंमत आहे. पण ते जोडायचं तर त्या घरच्या पत्त्यांच्या बैठकाही बंद करा. ‘मी नुसता बसतो, खात नाही’ हे मी मान्य करीन, अधिकारी करेलच असं नाही.