प्राथमिक शाळेत मुलाला रोज पाठवलंच पाहिजे का? नापास तर करत नाहीत, मग अधूनमधून सुट्टी घेतली तर काय बिघडतं?

पाठवलंच पाहिजे. आता जरा सविस्तर.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुम्ही बडोद्यात राहता, मुलगा दुसरीत आहे, गावाकडची लग्नं-मुंजी चुकवता येत नाहीत, आणि पोरगा हुशार असल्यामुळे बुडालेलं घरी भरून काढतो. बडोद्यात जिन्याखाली उभं राहून हेच मी इतक्या आईबापांकडून ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना. मी शिक्षक नाही. शाळेची वर्धी करतो, म्हणजे मुलांना घरून शाळेत नि शाळेतून घरी पोचवतो. दांडिया बाजार, रावपुरा, मग कारेलीबाग असा फेरा. मूल आलं काय नि न आलं काय, मला महिन्याचे पैसे तेवढेच. उलट एक जिना कमी झाला तर गॅस वाचतो. त्यामुळे यात माझा काडीचा स्वार्थ नाही.

माझ्या मेहुण्याची मुलगी माझ्याच गाडीत असते. ती दुसरीत असताना दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि सांगलीला लग्न निघालं. लग्न एका दिवसाचं. पण आलोच आहोत तर नरसोबाची वाडी, मग कोल्हापूरची अंबाबाई, मग कुणा मावशीकडे मुक्काम. मी निघतानाच म्हटलं, लग्न उरकून पोरीला घेऊन या. तर म्हणतो, "भाऊजी, दुसरीत काय कलेक्टरची परीक्षा आहे का? आणि तुमचे पैसे तर पूर्ण देतोच की!"

त्याच दिवसांत वर्गात हातच्याची वजाबाकी झाली. बेननी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, रबर लावलेला दहा काड्यांचा गठ्ठा सगळ्यांसमोर सोडला आणि काड्या एककाच्या घरात टाकून दाखवल्या. मला हे कसं माहीत? कारण पोरं गाडीत आइस्क्रीमच्या काड्या घेऊन तोच खेळ खेळत होती. भाची परतली तोवर वर्ग पुढे गेला होता. एका दुपारी काळ्या घोड्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिच्या मांडीवरची वही दिसली. ५२ वजा २७, उत्तर ३५. खाली ६१ वजा ३८, उत्तर ३७. पानभर तसंच, नि पानभर लाल फुल्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरीने सातातून दोन काढले होते. तिच्या परीने तोडगा शोधला बिचारीने. डोकं तल्लखच आहे तिचं, पण दशक सुटा करायचा असतो हे तिने पाहिलंच नव्हतं.

मग पोटदुखी सुरू झाली. सकाळी सहालाच, आणि रविवारी कधीच नाही. घरी जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, आणि पोट दुखतंय म्हणून आणखी खाडे झाले. सोमवार बुडला की मंगळवारी जायची भीती वाटते, मंगळवारही बुडला की बाकावरची मैत्रीण दुसरीशेजारी बसायला लागते, आणि बुधवारी पोरगी गाडीत शिरताना माझ्याकडे बघतसुद्धा नाही. हे मी एका भाचीचं सांगतोय असं समजू नका, दरवर्षी एक-दोन मुलांचं असंच होतं.

शेवटी माझी बायको माचिसच्या काड्या घेऊन तिला बसली आणि तासाभरात वजाबाकी जमली. झालं, मेहुण्याला कोलीत मिळालं! "बघा भाऊजी, एका तासात भरून निघालं." गणित निघालं भरून, कबूल. सकाळची पोटदुखी होळीपर्यंत चालली, तिचं काय? तुमच्या 'घरी भरून काढतो'ला माझं हेच उत्तर आहे. धडा घरी होतो, वर्गातली जागा घरी मिळत नाही.

हिशोबच हवा असेल तर घ्या. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवलेत. महिन्याला 'दोनच' दिवस बुडवले तरी दहा महिन्यांत २० होतात, म्हणजे ८० तास गेले. नापास न करण्याची तरतूद पोराला धाक बसू नये म्हणून आहे, आपल्या लग्नकार्यांच्या सोयीसाठी नव्हे. शिवाय २०१९ पासून पाचवी आणि आठवीला मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळालीये.

आणि हे बडोद्यात राहून विचारता याचं मला जास्त नवल वाटतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला दंड होत असे. स्वतः महाराज १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावाहून दत्तक आले तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, बाराव्या वर्षी रोज तास घालून शिकले. आमचा मेहुणा जयंतीला महाराजांचा फोटो स्टेटसला लावतो आणि १६ जानेवारीला पोरीला घरी ठेवतो. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, १४ ला, दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण १५ ला, मग १६ ला कसली सुट्टी? तर म्हणे गच्चीवर उशिरापर्यंत होतो. नवरात्रातही तेच. गरब्याहून मध्यरात्री येतात आणि सकाळच्या पाळीला माझी गाडी निम्मी रिकामी.

आता कुणी अंगावर यायच्या आत सांगतो. ताप, कांजिण्या, उलट्या असतील तर मूल घरीच ठेवा, नाहीतर आठवड्यात माझी सगळी गाडी खोकायला लागते. २०२४ च्या ऑगस्टसारखा विश्वामित्रीला पूर आला तर प्रश्नच नाही. घरात कुणी गेलं तर जावंच लागतं. आणि शाळेत खरोखर कुणी मारत किंवा छळत असेल तर ती पोटदुखी वेगळी, तिथे आधी शाळेत जाऊन भेटा. सख्ख्या मामाच्या लग्नाला जाऊ नका असंही मी म्हणत नाही. लग्नाला जा, वाडीचं दर्शन मे महिन्यात घ्या. परत आल्यावर 'आज दमलाय, उद्यापासून' करू नका. आदल्या संध्याकाळी वर्गातल्या एखाद्याच्या आईकडून वहीचे फोटो मागवा आणि मुलाला घेऊन दहा मिनिटं बसा, म्हणजे सकाळी फळ्यावर काय चाललंय ते त्याला ओळखीचं वाटेल.

आणि येणार नसलात तर वर्धीवाल्याला रात्रीच मेसेज टाका हो. सकाळी सव्वासहाला मी खाली हॉर्न देत राहतो, तुम्ही सांगलीत असता, आणि पहिल्या मजल्यावरचे काका मला शिव्या घालतात.